नळी बंद, बाकी सगळं चालू: कायमच्या गर्भनिरोधनाबद्दल

संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये जगभरातल्या गर्भनिरोधनाची आकडेवारी काढली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं बाईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. कंडोम, तांबी, गोळ्या सगळे त्याच्या मागे. साधारण २१ कोटी ९० लाख बायका या ऑपरेशनवर विसंबून होत्या. पुरुष नसबंदीचा आकडा होता १ कोटी ६० लाखांच्या आसपास. आता गंमत अशी, की या दोन्हींत लहान, सोपं आणि कमी जोखमीचं ऑपरेशन आहे ते पुरुषाचं. पोट उघडावं लागत नाही, पूर्ण भूल लागत नाही, आणि अपयशाचं प्रमाणही कमी. तरी जग उलट्या बाजूने चालतं.

याला घरातलं राजकारण कारणीभूत आहेच, पण भीतीही आहे. बाईला सांगितलं जातं की पाळी बिघडेल, वजन वाढेल. पुरुषाच्या मनात असतं की ताकद जाईल, ‘ते’ जमणार नाही. यातली बहुतेक भीती ज्या अवयवांबद्दल असते, त्यांना या ऑपरेशनांत हातच लावला जात नाही. काय कापलं जातं आणि काय जागेवर राहतं एवढं नीट कळलं, की पुढचे बरेचसे प्रश्न स्वतःच सुटतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

नेमकं काय बंद होतं

बाईच्या पोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक गर्भनलिका असते, साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब. बीजांडकोशातून दर महिन्याला बाहेर पडणारं स्त्रीबीज या नळीत येतं आणि शुक्राणूशी त्याची गाठ नळीतच पडते, पिशवीत नाही. ही नळी बांधली, कापली किंवा काढून टाकली की गाठ पडायची जागाच उरत नाही. बीजांडकोश आपलं काम करत राहतो. बीज तयार होतं, बाहेर पडतं आणि शरीरात विरून जातं. हार्मोन्स बीजांडकोशातून थेट रक्तात उतरतात, त्यांना नळी लागत नाही. पाळी येते ती पिशवीच्या अस्तरामुळे, आणि त्या अस्तराला हुकूम देतात हार्मोन्स. म्हणजे या साखळीत नळी कुठेच नाही.

पुरुषाचंही तसंच. वृषणात शुक्राणू तयार होतात आणि तिथून वीर्यनलिकेतून वर जातात. ही नलिका ३० सेंटिमीटरहून लांब असते, हाताला घट्ट दोरीसारखी लागते. नसबंदीत ती कापून तिची टोकं बंद करतात. पुरुषी हार्मोन वृषणातून सरळ रक्तात जातं, त्यामुळे आवाज, दाढी, इच्छा, ताठरता सगळं होतं तसंच राहतं. वीर्यसुद्धा दिसायला तेवढंच येतं. वीर्याचा बहुतांश भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. तयार झालेले शुक्राणू बाहेर पडले नाहीत तर शरीर ते शोषून घेतं. एरवीही न वापरलेल्या शुक्राणूंचं तेच होत असतं.

पाळीचा मुद्दा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण ‘माझ्या बहिणीला ऑपरेशननंतर फार अंगावर जायला लागलं’ असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. अमेरिकेत या प्रश्नाचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशन झालेल्या ९,५१४ बायकांची तुलना केली ती ५७३ अशा बायकांशी, ज्यांच्या नवऱ्यांची नसबंदी झाली होती. तुलनेची निवड हुशारीची आहे: दोन्ही गटांतल्या बायकांना आता मूल नको आहे, दोन्ही गटांना गोळ्यांची गरज नाही, फरक एवढाच की एका गटाच्या नळ्या बंद आहेत. पाच वर्षांपर्यंत पाहिल्यावर ऑपरेशन झालेल्या गटात पाळीच्या तक्रारी जास्त निघाल्या नाहीत. मग बहिणीला काय झालं? बहुधा ती आधी गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. गोळ्यांवर पाळी हलकी आणि ठरल्या दिवशी येते. ऑपरेशन झालं, गोळ्या सुटल्या, आणि तिची मूळची पाळी परत आली. शिवाय ऑपरेशन करायचं वय आणि पाळी आपोआप बदलायला लागायचं वय फार लांब नसतं.

बाईचं ऑपरेशन: कधी, कुठून, कसं

तीन वेळा सोयीच्या असतात. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात, सिझेरियन चालू असतानाच, किंवा गरोदरपणाशी संबंध नसलेल्या कुठल्याही वेळी. बाळंतपणानंतर लगेच केलं तर बेंबीखाली छोटासा छेद पुरतो, कारण पिशवी अजून वरच असते आणि नळ्या हाताशी येतात. तो आठवडा निघून गेला तर पिशवी मूळ जागी जाईपर्यंत साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात.

एरवी दोन मार्ग. एक, ओटीपोटावर काही सेंटिमीटरचा छेद घेऊन. दुसरा, दुर्बिणीतून. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि बेंबीजवळच्या छिद्रातून आत बघतात. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, आणि ‘ऑपरेशन पोटाचं, दुखतोय खांदा’ म्हणून बायका घाबरतात. उरलेल्या गॅसमुळे श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, त्रास होतो आणि तिथल्या मज्जातंतूची दुखरी संवेदना खांद्यात जाणवते. गॅस शोषला गेला की ते थांबतं.

नळी बंद करायचे प्रकार बरेच आहेत: मधला तुकडा कापून बांधणं, सिलिकॉनची रिंग चढवणं, क्लिप लावणं, विजेने जाळणं. अलीकडे बऱ्याच ठिकाणी पूर्ण नळीच काढतात, त्यावर पुढे सविस्तर येते. यातला कुठला प्रकार होणार हे रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं, आणि विचारणारेही थोडेच. विचारायला हवं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दहा हजारांहून जास्त बायकांचा पाठपुरावा केला होता. दहा वर्षांत दर १,००० बायकांमागे सरासरी १८.५ गर्भधारणा झाल्या. पण प्रकारानुसार फरक मोठा: बाळंतपणानंतर तुकडा कापून केलेल्या ऑपरेशनात ७.५, तर त्या काळच्या स्प्रिंगच्या क्लिपमध्ये ३६.५. ज्यांचं ऑपरेशन कमी वयात झालं त्यांच्यात अपयश जास्त दिसलं, कारण त्यांच्यापुढे गर्भधारणा होऊ शकेल अशी वर्षंही जास्त होती.

म्हणजे ‘ऑपरेशन झालंय, दिवस राहणं शक्यच नाही’ हे खरं नाही. शक्यता फार कमी आहे, पण शून्य नाही. आणि नळी अर्धवट जुळून दिवस राहिले, तर गर्भ नळीतच अडकण्याची भीती असते. त्याच पाहणीत ऑपरेशननंतर राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पिशवीच्या बाहेर होते. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली, एका बाजूला ओटीपोटात दुखायला लागलं, थोडं थोडं अंगावर जातंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाशी कळ येतेय, तर उद्यावर ढकलू नये. आधी गरोदरपणाची चाचणी आणि त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशनला बारा वर्षं झाली म्हणून हा नियम बदलत नाही.

आणखी एक प्रकार ऑपरेशनच्या आधीच होऊन बसलेला असतो. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऑपरेशन झालं आणि गर्भ त्याआधीच राहिलेला असेल, तर त्या दिवशीची चाचणीही चुकवू शकते. यावर उपाय साधा आहे. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरची पाळी येईपर्यंत आधीचं गर्भनिरोधन सोडायचं नाही.

पूर्ण नळी काढायची पद्धत कुठून आली

ही गोष्ट वैद्यकातल्या मला आवडणाऱ्या गोष्टींपैकी आहे, कारण उत्तर सापडलं ते भलत्याच जागी. बीजांडकोशाचा सगळ्यात घातक आणि सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग बीजांडकोशातच सुरू होतो असं सगळे धरून चालले होते. बीआरसीए या जनुकात बिघाड असला की हा कर्करोग आणि स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, म्हणून तसा बिघाड असलेल्या बायका कर्करोग टाळण्यासाठी बीजांडकोश आणि नळ्या काढून घेत. साधारण २००० नंतर त्या काढलेल्या नळ्या बारकाईने तपासायला लागल्यावर अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगाच्या पेशी नळीच्या झालरीसारख्या टोकाला सापडू लागल्या. म्हणजे या प्रकारच्या कर्करोगाची बरीचशी प्रकरणं नळीत सुरू होऊन शेजारच्या बीजांडकोशावर पसरत होती.

मग कोणाच्याही डोक्यात येईल असा प्रश्न आला: नळी नाहीतरी बंदच करायची आहे, तर ठेवायची कशाला? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवून हा बदल केला. नसबंदी करताना किंवा पिशवी काढताना नळ्या काढायच्या, बीजांडकोश ठेवायचे. तिथल्या नोंदींवर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात नळ्या काढलेल्या बायकांमध्ये या प्रकारचे कर्करोग अपेक्षेपेक्षा कमी आढळले.

बीजांडकोश जागेवरच असल्याने पाळी आणि हार्मोन्स यात सहसा फरक पडत नाही. ऑपरेशनला थोडे जास्त मिनिट लागतात. पण परतीचा रस्ता पूर्ण बंद होतो. बांधलेली नळी कधीकधी जोडता येते, काढलेली नळी जोडता येत नाही. नंतर मूल हवंसं वाटलं तर टेस्ट ट्यूब पद्धत हा एकच उपाय. आणि ज्यांच्या घराण्यात बीजांडकोशाचे किंवा स्तनाचे कर्करोग झाले आहेत त्यांनी ‘नळ्या काढल्या, आता सुटले’ असं समजू नये. त्यांनी आधी जनुकीय सल्ला घ्यावा. बीआरसीए बिघाड असेल तर नुसत्या नळ्या काढणं पुरेसं मानत नाहीत.

एक शोध मात्र फसला, तोही माहीत असावा. योनीमार्गातून पिशवीत जाऊन नळीच्या तोंडाशी बारीक धातूची गुंडाळी बसवायची, पोटावर छेदच नको, अशी एश्युअर नावाची पद्धत अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झाली. गुंडाळीभोवती व्रण तयार होऊन नळी बंद होण्यासाठी तीन महिने लागत. पुढे सततचं दुखणं, गुंडाळी सरकणं, पिशवीला किंवा नळीला छिद्र पडणं अशा तक्रारी वाढत गेल्या आणि २०१८ अखेर तिथली विक्री थांबली. ज्यांना ती बसवलेली आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी केवळ बातमी वाचून काढायला धावायची गरज नाही.

पुरुषाची नसबंदी: अर्ध्या तासाचं काम, तीन महिन्यांची वाट

बिनटाक्याची नसबंदी चीनमधल्या सिचुआन प्रांतातले शल्यविशारद ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केली. आज अनेक देशांत हीच पद्धत वापरतात. ती कशी होते ते बघितलं तर निम्मी भीती जाते.

पुरुष टेबलावर आडवा असतो, पूर्ण जागा. डॉक्टर अंगठा आणि दोन बोटांनी वृषणाच्या पिशवीच्या कातडीतूनच वीर्यनलिका चाचपून पकडतात आणि ती मधोमध कातडीखाली आणतात. तिथे भुलीचं इंजेक्शन. ते टोचताना झोंबतं, नंतर ओढल्यासारखं आणि दाबल्यासारखं वाटत राहतं. मग टोकाला गोल कडी असलेल्या चिमट्याने कातडीसकट नलिका धरतात आणि अणकुचीदार चिमट्याने कातडीला फक्त एक भोक पाडतात. सुरीने कापत नाहीत, कातडी बाजूला सारतात, त्यामुळे रक्तस्त्राव कमी. त्या भोकातून नलिकेचा पांढरट वळसा बाहेर येतो. तो कापतात, टोकं आतून जाळतात आणि एका टोकावर आजूबाजूच्या पातळ पडद्याचं आवरण ओढून घेतात, म्हणजे दोन टोकं पुन्हा एकमेकांना भेटत नाहीत. त्याच भोकातून दुसऱ्या बाजूची नलिका. भोक इतकं लहान की टाका घालावा लागत नाही. सगळं मिळून पंधरा ते तीस मिनिटं.

घरी गेल्यावर दोन दिवस आराम, घट्ट आतली चड्डी, थंड शेक. आठवडाभर जड उचलणं आणि सायकल नको. थोडं काळंनिळं पडतं, ते ठीक. वृषणाची पिशवी फुगत चालली, ताप आला किंवा पू आला तर परत जायचं. शंभरातल्या एक-दोघांना गाठ धरण्याइतका रक्तस्त्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. आणि एक गोष्ट ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगायला हवी, जी बऱ्याचदा गाळली जाते: शंभरातल्या एक-दोन पुरुषांना वृषणात दीर्घकाळ दुखणं राहतं, रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतकं. त्यावर उपचार आहेत, पण हे माहीत असून निर्णय घेतलेला बरा.

आता खरी गफलत होते ती पुढे. बाईचं ऑपरेशन जवळजवळ लगेच लागू होतं, पुढची पाळी येईपर्यंत सांभाळलं की झालं; पुरुषाचं तसं नाही. टाकीचा वॉल्व्ह बंद केला तरी नळाला काही वेळ पाणी येतंच, तसे कापलेल्या जागेच्या पुढे राहिलेले शुक्राणू आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतात. म्हणून साधारण तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची आणि तिचा अहवाल येईपर्यंत कंडोम किंवा जे काही चालू असेल ते चालू ठेवायचं. लॅबमध्ये छोटी डबी देतात, त्यात वीर्य घेऊन ते ताजं असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एकही शुक्राणू नाही, किंवा फारच थोडे आणि तेही न हलणारे, असं दिसलं तरच नसबंदी ‘लागली’. ही तपासणी न करणारे पुरुष भरपूर आहेत. ऑपरेशनला न घाबरलेला माणूस डबी घेऊन लॅबच्या काउंटरवर जायला लाजतो, आणि मग दिवस राहिले की संशय जातो बायकोवर. हा संशय किती संसारांना पुरला असेल याचा हिशोब कुठेच नाही. तपासणी करा, अहवाल दोघांनी वाचा.

अहवाल स्वच्छ आल्यानंतर गर्भधारणा होण्याची शक्यता साधारण दोन हजारात एक. प्रोस्टेटचा कर्करोग, हृदयविकार किंवा नपुंसकत्व नसबंदीमुळे होतं, असं मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही.

पश्चात्तापाबद्दल, आणि निर्णय कोणाचा

अमेरिकेतल्या ज्या मोठ्या पाहणीचा वर उल्लेख केला तिच्यातच बायकांना नंतरच्या वर्षांत ‘पश्चात्ताप होतो का’ असं विचारलं गेलं. ऑपरेशनच्या वेळी ज्यांचं वय ३० किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यापैकी २०.३ टक्के बायकांनी चौदा वर्षांच्या आत कधी ना कधी ‘हो’ म्हटलं. तिशी उलटलेल्यांत हे प्रमाण ५.९ टक्के. हा आकडा तरुण बायकांना परत पाठवायला सर्रास वापरतात. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही. मुलं आहेत की नाहीत, आणि केवढी, यानुसार पाहिलं तर सगळ्यात कमी पश्चात्ताप झाला तो एकही मूल नसलेल्या बायकांना, ६.३ टक्के. ‘आधी एक तरी होऊ दे, मग बघू’ असं ज्यांना ऐकवलं जातं, त्याच आपल्या निर्णयाबद्दल जास्त पक्क्या निघाल्या. मला यातून दिसतं ते असं: वय हा इशारा आहे, नकार देण्याचं कारण नाही. प्रौढ माणसाने नीट समजून मागितलं तर त्याला किंवा तिला ते मिळायला हवं.

कमी वयाइतकीच धोक्याची असते घाई. प्रसूतीच्या कळा चालू असताना, नातं तुटायच्या बेतात असताना, मूल नुकतंच गेलेलं असताना, किंवा सासरचं कोणीतरी मागे लागलं म्हणून घेतलेला निर्णय टिकत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये स्पष्ट केलं की बाईच्या नसबंदीला संमती फक्त ती बाईच देऊ शकते, आणि ती संमती दुसऱ्या कुठल्या उपचाराची अट म्हणून मागता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांबरोबर २०१४ मध्ये जबरदस्तीच्या आणि फसवून केलेल्या नसबंदीविरुद्ध निवेदन काढलं. असं निवेदन काढावं लागतं यातच सगळं आलं. अपंग, गरीब, एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि अल्पसंख्य समाजातल्या बायकांवर अनेक देशांत हे झालेलं आहे. म्हणून सही करायच्या कागदावरची भाषा समजत नसेल तर सही करू नये, आणि ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचूनही ‘नको’ म्हणायचा हक्क असतो.

नळी पुन्हा जोडता येते का? कधीकधी. पुरुषाच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली नलिका जोडतात आणि शुक्राणू पुन्हा दिसायला लागतात, पण ऑपरेशनला जितकी जास्त वर्षं झाली तितकी मूल होण्याची आशा कमी. बाईच्या बाबतीत किती नळी शिल्लक आहे आणि तिचं वय काय यावर सगळं अवलंबून. ऑपरेशन करतानाच ‘नंतर जोडून घेऊ’ असा विचार मनात असेल, तर मन अजून तयार नाही असं समजावं.

अशा वेळी तांबी किंवा दंडाच्या कातडीखाली बसवायची हार्मोनची काडी, म्हणजे इम्प्लांट, हा मधला रस्ता आहे, आणि तो कमी दर्जाचा अजिबात नाही. हार्मोनची तांबी बसवल्यावर पहिल्या वर्षात दिवस राहण्याचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास, तांब्याच्या तांबीत हजारात आठ, इम्प्लांटमध्ये हजारात एक किंवा त्याहूनही कमी. बाईच्या ऑपरेशनचा पहिल्या वर्षाचा आकडा हजारात पाच. म्हणजे काही बाबतीत काढता येणारं साधन ऑपरेशनच्या बरोबरीचं किंवा पुढे आहे. तांब्याची तांबी प्रकारानुसार पाच ते दहा वर्षं चालते. चाळिशी गाठलेल्या बाईला एकच तांबी पाळी जाईपर्यंत पुरू शकते. हार्मोनच्या तांबीने पाळी हलकी होते किंवा थांबते, त्यामुळे ज्यांना मूळचंच जास्त अंगावर जातं त्यांना दुहेरी फायदा. ऑपरेशनने तो होत नाही.

गर्भनिरोधन संपलं, तपासण्या संपत नाहीत

ऑपरेशन झालं की बऱ्याच बायकांचा स्त्रीरोगतज्ज्ञाशी संबंधच तुटतो. आता तिथे कशाला जायचं, असं वाटतं. पण नळी बंद झाल्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग थांबत नाही. तो होतो एचपीव्ही विषाणूमुळे. जागतिक आरोग्य संघटना वयाच्या तिशीपासून एचपीव्ही चाचणी सुरू करायला आणि ती दर पाच ते दहा वर्षांनी करायला सांगते. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी पंचविशीपासून, आणि जास्त वेळा. स्तनांची तपासणीही चालूच. लैंगिक आजारांपासून तर नसबंदी कोणालाच वाचवत नाही, त्यासाठी कंडोमच.

पाळीत फार रक्त जायला लागलं तर ‘ऑपरेशनमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये. फायब्रॉइड म्हणजे पिशवीतल्या गाठी, थायरॉइड, पिशवीच्या अस्तराचे आजार यांपैकी काहीही असू शकतं. उपचारांमध्येही एक घोटाळा होतो. पिशवीचं अस्तर जाळून पाळी कमी करायचा एक उपचार आहे. तो झाल्यावर पाळी थांबते, म्हणून बायका समजतात की आता दिवस राहणार नाहीत. राहू शकतात, आणि तशा गरोदरपणात वार पिशवीत खोल रुजण्याचा धोका असतो. तेव्हा या उपचाराबरोबर गर्भनिरोधन वेगळं ठरवावंच लागतं. उलट, फक्त मूल नको म्हणून पिशवी काढणं हे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखं आहे. रक्तस्त्राव, आजूबाजूच्या अवयवांना इजा, आठवडे चालणारी विश्रांती, हे सगळं एका नळीच्या कामासाठी ओढवून घेण्यात अर्थ नाही.

पुरुषांनीही एवढं बघावं: नसबंदीनंतर कापलेल्या जागी वाटाण्याएवढी बारीक गाठ लागू शकते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पण गाठ वृषणातच लागत असेल तर ती नसबंदीची नाही. ती लगेच दाखवायची.

शेवटी एक कागद. रुग्णालयातून निघताना ऑपरेशनची नोंद मागून घ्या, आणि त्यावर ‘नसबंदी केली’ एवढंच न लिहिता काय केलं ते आहे का बघा: क्लिप लावली, रिंग चढवली, तुकडा कापला की दोन्ही नळ्या पूर्ण काढल्या, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर त्याचा अहवाल. पुरुषाच्या बाबतीत वीर्यतपासणीचा अहवाल याच कागदाला जोडून ठेवायचा. पंधरा वर्षांनी पाळी चुकली, एमआरआय करायची वेळ आली किंवा नळी जोडायचा विचार आला, तर समोरच्या नव्या डॉक्टरचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे इतकी जुनी फाइल मिळेलच असं नाही.